नव्या शहराच्या खोडी ओळखताना: पहिल्या वर्षासाठी वाटाड्या

एडिंबराला नव्यानं आलेला माणूस पहिल्याच दुपारी एक वाजता दचकतो. किल्ल्यावर तोफ कडाडते. आजूबाजूची माणसं मात्र आपल्या वाटेनं चालत असतात, फार तर एखादा मनगटावरच्या घड्याळाकडे नजर टाकतो. रविवार, नाताळ आणि गुड फ्रायडे सोडले तर ही तोफ रोज उडते आणि ही पद्धत १८६१ साली सुरू झाली. त्याच्या आधी, १८५२ पासून, कॅल्टन टेकडीवरच्या मनोऱ्यावरून ठरल्या क्षणी एक मोठा गोळा खाली सोडला जाई. खाडीतली जहाजं तो बघून आपली घड्याळं लावत. पण धुकं दाटलं की गोळा दिसेना, म्हणून मग कानाला ऐकू जाईल अशी खूण आली. जहाजांना आता तोफेची गरज राहिलेली नाही. शहराला ती हवी आहे.

नव्या शहरात जे जे विचित्र वाटतं त्याच्या मागे बहुतेक वेळा असंच काहीतरी असतं. कधी धुकं, कधी नदी, कधी पाडलेला तट, कधी ट्रामचे रूळ. ते कारण सापडलं की खोडी त्रासदायक वाटायची थांबते आणि शहर थोडं आपलं होतं. मी तीन वेळा शहर बदललं. पहिल्या दोन वेळा मी फक्त तुलना करत बसले आणि दोन्ही वेळा बरेच महिने एकटी पडले. तिसऱ्या वेळी कारणं शोधायला लागले. त्या वेळी जे उपयोगी पडलं ते इथे क्रमानं सांगते.

पहिल्या दिवशी: एक वही

साधी, खिशात मावणारी वही घ्या. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण वही हातात असली की माणसं जास्त मोकळेपणानं बोलतात, असा माझा अनुभव आहे. प्रत्येक पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात ‘काय पाहिलं’, दुसऱ्यात ‘मला काय वाटलं’ आणि तिसऱ्यात ‘का’. वर तारीख आणि वेळ.

पहिले दोन रकाने वेगळे ठेवणं हेच यातलं खरं काम. ‘इथली माणसं तुसडी आहेत’ हे पाहिलेलं नाही, वाटलेलं आहे. पाहिलं ते एवढंच की लिफ्टमध्ये चार जण होते आणि कुणी कुणाकडे बघितलं नाही. तिसरा रकाना त्या दिवशी रिकामा सोडा. तो भरायला कधी एक दिवस लागतो, कधी आठ महिने.

पहिले तीन आठवडे रोज लिहा. डोळे नवे असतात तोवरच खोडी दिसतात. महिनाभरानं त्याच गोष्टी तुमच्या अंगवळणी पडतील आणि मग आठवू म्हटलं तरी आठवणार नाहीत.

पहिल्या आठवड्यात: पत्ता कसा चालतो ते शिका

लोक नव्या शहरात आधी प्रेक्षणीय स्थळं बघतात. मी म्हणेन, आधी पत्त्यांची रीत समजून घ्या. शहर स्वतःचा विचार कसा करतं ते पत्त्यात दिसतं.

पॅरिसचंच बघा. १८६० पासून शहराचे वीस विभाग आहेत आणि त्यांचे क्रमांक मध्यापासून गोगलगाईच्या शंखासारखे बाहेर वळत जातात. घरांचे क्रमांक नदीवरून ठरतात. ही रीत १८०५ची. सीन नदीला समांतर रस्त्यावर क्रमांक प्रवाहाच्या दिशेनं वाढतात आणि नदीपासून दूर जाणाऱ्या रस्त्यावर ते नदीकडून सुरू होतात. एवढं माहीत असेल तर नदी दिसत नसतानाही ती कुठल्या बाजूला आहे याचा अंदाज घरांच्या पाट्या बघून लागतो.

व्हेनिसमध्ये हे काहीच उपयोगी नाही. तिथे क्रमांक गल्लीला नसून सबंध विभागाला आहेत. असे सहा विभाग, आणि एकेका विभागातले आकडे हजारांवर जातात. त्यामुळे विभागाचं नाव नसलेला पत्ता फुकट, आणि ते असलं तरी लोक सोबत जवळचा पूल किंवा चर्च सांगतात. जपानमध्ये तर बहुतेक रस्त्यांना नावच नसतं. पत्ता सांगतो विभाग, मग ठोकळा (म्हणजे चहूबाजूंनी रस्ते असलेला इमारतींचा गट), मग त्या ठोकळ्यातली इमारत. जुन्या पद्धतीत जागेचे क्रमांक नोंदणीच्या क्रमानं पडत गेले होते, म्हणून शेजारशेजारच्या घरांचे आकडे एकमेकांपासून लांब असायचे. हा गोंधळ निस्तरायला १९६२ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. आपण ‘कुठल्या रस्त्यावर?’ असं विचारतो तेव्हा समोरचा गोंधळतो, कारण त्याच्या डोक्यात शहर रेघांचं नसून चौकटींचं असतं.

तुमच्या शहरात हे कसं शोधाल? एक सोपी कृती आहे. आपल्या घराचा पत्ता घ्या आणि तीन वेगवेगळ्या माणसांना विचारा, ‘तुमच्याकडे पाहुणा येणार असेल तर त्याला इथे कसं यायचं ते कसं सांगाल?’ एक जण कदाचित रस्त्याची नावं सांगेल, दुसरा खुणा सांगेल, तिसरा ‘अमुक ठिकाणी या आणि फोन करा’ म्हणेल. तिघांनीही घेतलेलं एखादं नाव असतंच. ती खूण नकाशावर ठळक करा. ती आता अस्तित्वात नसेल, असंही होतं. पाडलेल्या इमारतीच्या, बंद पडलेल्या गिरणीच्या नावानं पत्ते सांगणारी शहरं पुष्कळ आहेत. अशी खूण सापडली तर ती वहीत लिहा. तिच्या मागे नक्की कहाणी आहे.

दुसरा आठवडा: एकच वाट, चार वेळा

रोज नवा भाग बघायचा मोह आवरा. घरापासून साधारण अर्ध्या तासाची एक वाट निवडा आणि तीच चार वेळा चाला: अगदी पहाटे, कामाच्या दिवशी गर्दीच्या वेळी, सुट्टीच्या दुपारी आणि दिवेलागणीनंतर. रात्रीची फेरी कुणाला तरी सोबत घेऊन करा आणि रस्ता सुरक्षित आहे का हे आधी शेजाऱ्यांना विचारा. याबाबत त्यांचं ऐकायचं, नकाशाचं नाही.

चौथ्या फेरीला कळतं की तीच जागा चार वेगळ्या लोकांची आहे. पहाटे झाडणारे, धावणारे, वर्तमानपत्रं टाकणारे. दुपारी म्हातारी माणसं आणि लहान मुलं. बाकावर कोण कधी बसतं, कुठल्या कोपऱ्यावर माणसं थांबून बोलतात, आखलेली पाऊलवाट सोडून हिरवळीतून तुडवलेली वाट कुठे गेली आहे, हे बघा. शहर आखणाऱ्याला जे सुचलं नाही ते त्या तुडवलेल्या वाटेनं सांगितलेलं असतं.

मान वर करून चालायची सवय लावा. ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठच्या घरांच्या माथ्यावर पुढे आलेली तुळई आणि तिला आकडा दिसतो. घरं अरुंद, जिने त्याहून अरुंद आणि उभे. त्यामुळे जड सामान दोरानं बाहेरून वर ओढून खिडकीतून आत घेतात. बार्सिलोनात खाली बघितलं तरी नवल आहे. इल्देफॉन्स सेर्दा या अभियंत्यानं १८५९ साली आखलेल्या भागात प्रत्येक ठोकळ्याचे कोपरे कापलेले आहेत. चौकात वळणाऱ्याला पलीकडचं दिसावं, वळायला जागा मिळावी, म्हणून. मोटारी यायच्या आधीची ही आखणी आहे. पायी चालणाऱ्याला मात्र त्या कापलेल्या कोपऱ्यांमुळे प्रत्येक चौकात थोडं वळसा घालून जावं लागतं, आणि नवा माणूस ‘सरळ का जाता येत नाही?’ म्हणून वैतागतो. इथे तिसरा रकाना भरायचा.

आठवड्याच्या शेवटी कोऱ्या कागदावर, काहीही न बघता, आपल्या भागाचा नकाशा काढा. केव्हिन लिंच या अमेरिकी नगररचनाकारानं बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना असं विचारलं होतं. १९६० साली त्यानं मांडलेला निष्कर्ष आजही वापरता येतो: माणसाच्या मनातलं शहर वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणा या पाच गोष्टींचं बनलेलं असतं. तुमच्या नकाशात यातलं काय कमी आहे ते बघा. मी पहिल्यांदा काढला तेव्हा त्यात एकही कड नव्हती. आमच्या वस्तीच्या मागून लोहमार्ग जातो आणि पलीकडचं सगळं शहर माझ्या लेखी नव्हतंच, हे मला कागदावर बघून कळलं. पुढच्या रविवारी पलीकडे गेले. नकाशा जपून ठेवा, त्यावर तारीख घाला.

सार्वजनिक वाहतुकीच्या नकाशावर मात्र अंतरासाठी विसंबू नका. लंडनच्या भुयारी रेल्वेचा प्रसिद्ध नकाशा हॅरी बेक या आरेखकानं तयार केला आणि तो १९३३ साली लोकांच्या हातात आला. विजेच्या जोडणीच्या आकृतीसारखा तो सरळ रेघांचा, नेटका आहे. कुठे गाडी बदलायची ते त्यात चटकन कळतं, पण जमिनीवरचं अंतर कळत नाही. कॉव्हेंट गार्डन आणि लेस्टर स्क्वेअर ही स्थानकं अवघ्या २६० मीटरवर आहेत. खाली उतरून, गाडीची वाट बघून, पुन्हा वर येण्याच्या आत माणूस चालत पोचतो. आपल्या शहरात अशा जोड्या शोधणं हा छान खेळ आहे आणि त्यात वेळही वाचतो.

नावांची पाटी वाचा

हे काम घरबसल्या होतं. आपल्या रोजच्या वाटेवरच्या दहा नावांची यादी करा आणि प्रत्येकाचा अर्थ शोधा. न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर खरोखरच भिंत होती. डच वसाहतवाल्यांनी १६५३ साली ती बांधली आणि १६९९ साली ती पाडली गेली. लंडनच्या फ्लीट स्ट्रीटला फ्लीट नदीचं नाव आहे आणि ती नदी आजही शहराखालून वाहते. व्हिएन्नातल्या उच्चभ्रू ग्राबेन रस्त्याच्या नावाचा अर्थ आहे खंदक. रोमन छावणीचा खंदक तिथे होता. शहराच्या पोटात काय गाडलं गेलं ते पाट्यांवर लिहिलेलं असतं. पाणी तुंबणारा भाग आणि तळं, ओढा, खाजण असं नाव असलेला भाग एकच निघाला तर घर घेण्याआधी विचार करा.

सरकारी नाव एक आणि तोंडातलं नाव दुसरं, असंही असतं. दोन्ही शिका. अर्जावर पहिलं लिहायचं आणि रिक्षा-टॅक्सीवाल्याला दुसरं सांगायचं.

गर्दीची शिस्त: आधी दहा माणसं बघा

नव्या जागी काहीही करण्याआधी थांबा आणि दहा माणसं ते कसं करतात ते बघा. तिकीट आधी काढतात की उतरताना, रांग उभी असते की नुसता ‘शेवटचा कोण?’ असा प्रश्न असतो, दार पुढच्यासाठी धरून ठेवतात का. पाच मिनिटं जातात, पण पुढचे अवघडलेले प्रसंग टळतात.

पाट्यांवर नसलेले नियमच नव्या माणसाला अडवतात. टोकियोत सरकत्या जिन्यावर लोक डावीकडे उभे राहतात आणि ओसाकात उजवीकडे. एकाच देशातली दोन शहरं, वेगवान रेल्वेनं अडीच-तीन तासांच्या अंतरावर. मेलबर्नच्या मध्यभागी तर गाडी चालवणाऱ्याला उजवीकडे वळायचं असेल तर काही चौकांत आधी अगदी डाव्या कडेला जाऊन थांबावं लागतं. आडव्या रस्त्याचा दिवा हिरवा होत आला की मग वळायचं. बाहेरून आलेल्याला हे उलटं वाटतं. पण रस्त्याच्या मधोमध ट्राम धावतात आणि वळायला थांबलेली मोटार रुळांवर उभी राहिली तर मागची ट्राम अडकेल. एवढं कळलं की त्या नियमाबद्दल आदर वाटतो.

आणि ते लिफ्टमधले चौघे? समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमननं १९६३ साली या वागण्याला ‘सभ्य दुर्लक्ष’ अशा अर्थाचं नाव दिलं. एक नजर टाकायची, समोरच्याची दखल घेतली एवढं दाखवायचं आणि नजर काढून घ्यायची. दाटीवाटीत राहणारी माणसं एकमेकांना अशी मोकळीक देतात. लहान गावातून आलेल्याला हा तुटकपणा वाटतो. मलाही वाटला होता, आणि मी दुसऱ्या रकान्यात फार कडवट लिहून ठेवलं होतं. नंतर ते खोडलं नाही, शेजारी कारण लिहिलं.

बोली

दर बारा कोसांवर भाषा बदलते हे आपण ऐकत आलो आहोत, पण शहरात ती दर बारा गल्ल्यांवरही बदलते. भाषा तुमचीच असली तरी शिकण्यासारखं खूप असतं. पहिल्या महिन्यात सबंध व्याकरणाच्या मागे लागू नका. या पाच गोष्टी आधी उचला: दुकानात शिरताना काय म्हणतात, निघताना काय म्हणतात, नकार सौम्यपणे कसा देतात, अनोळखी वयस्क माणसाला काय हाक मारतात आणि ‘लवकरच’ म्हणजे नेमकं किती वेळ. शेवटची गोष्ट मी सगळ्यात महत्त्वाची मानते. कुठे ‘पाच मिनिटांत’ म्हणजे पाच मिनिटं, कुठे तो फक्त दिलासा असतो. तीन-चार वेळा घड्याळ लावून बघा, मग कुणावर रागवायची वेळ येत नाही.

उच्चाराची नक्कल मात्र लगेच करू नका. स्थानिक शब्द वापरला की लोकांना आनंद होतो. त्यांचा हेल उचलला की त्यांना चेष्टा वाटू शकते.

ओळखीचे अनोळखी

मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅमनं १९७२ साली एका साध्या गोष्टीकडे लक्ष वेधलं. रोज त्याच स्थानकावर, त्याच वेळी उभी राहणारी माणसं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखतात, पण बोलत कधीच नाहीत. त्याच्या विद्यार्थ्यांनी फलाटावरच्या प्रवाशांची छायाचित्रं काढली आणि नंतर तीच त्या प्रवाशांना दाखवली. अनेकांना त्यातले चेहरे ओळखता आले, वर्षानुवर्षं एक शब्द न बोलतासुद्धा. हेच दोघे नेहमीच्या जागेपासून लांब कुठेतरी भेटले तर मात्र बोलण्याची शक्यता वाढते, असंही त्यानं नोंदवलं.

नव्या शहरात मैत्री जमवायची घाई असते. माझं ठाम मत आहे की आधी असे ओळखीचे अनोळखी जमवावेत. त्यासाठी वेळ आणि जागा पक्की धरायची. रोज तीच बस, तोच थांबा. शनिवारी तेच ग्रंथालय, शक्यतो तेच टेबल. केस कापायला तेच दुकान. तीन आठवड्यांत मान हलायला लागते, दोन महिन्यांत ‘काल दिसला नाहीत’ येतं. हे वाक्य ज्या दिवशी ऐकलं त्या दिवशी मी घरी जाऊन आईला फोन केला होता.

घर ही पहिली जागा, काम ही दुसरी. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रे ओल्डनबर्गनं १९८९ साली ‘तिसऱ्या जागे’चं महत्त्व मांडलं. तिथे कुणी यजमान नसतो, कुणी पाहुणा नसतो, येण्यासाठी निमंत्रण लागत नाही आणि गप्पा हेच मुख्य काम. तुमची तिसरी जागा शोधताना तीन प्रश्न विचारा. तिथे एकटं बसलं तर विचित्र वाटतं का? तिथे वेगवेगळ्या वयाची माणसं येतात का? फार खर्च न करता तासभर थांबता येतं का? तिन्हींची उत्तरं मनासारखी असतील तर सहा आठवडे त्याच वारी तिथे जा. दोनदा जाऊन ‘इथे काही जमत नाही’ म्हणणं ही नव्या माणसाची नेहमीची चूक आहे.

विचारायचं कसं

‘तुमच्याकडे असं का करतात?’ हा प्रश्न तक्रारीसारखा ऐकू येतो. त्याऐवजी ‘हे कधीपासून असं आहे?’ असं विचारा. समोरचा माणूस लगेच आठवणीत शिरतो. वयस्क माणसांना ‘तुम्ही शाळेत होता तेव्हा इथे काय होतं?’ हे विचारून बघा आणि निघायची घाई नसेल तेव्हाच विचारा.

ऐकलेलं सगळं खरं नसतं. पोलंडमधल्या क्राकोवमध्ये सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला तुतारी वाजते आणि सूर मध्येच तुटतो. तातारांच्या हल्ल्यात इशारा देणाऱ्या तुतारीवाल्याच्या गळ्यात बाण घुसला, म्हणून तो सूर तिथेच थांबतो, असं सांगतात. या कथेला इतिहासाचा ठोस आधार नाही. तरी तुतारी खरी आहे, तुटलेला सूर खरा आहे आणि शहराला ही कथा सांगावीशी वाटते हेही खरं आहे. म्हणून वहीत कारणासमोर ‘सांगतात’ किंवा ‘पडताळलं’ यापैकी एक शब्द लिहा. पडताळायला ग्रंथालयातला स्थानिक विभाग, शहराचं संग्रहालय आणि जुनी वर्तमानपत्रं पुरतात. सांगणाऱ्याला मात्र त्याच्या तोंडावर खोडून काढू नका.

नव्याचे नऊ दिवस संपल्यावर

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक दिवस सगळंच नकोसं होतं. आवाज, हवा, माणसांचं बोलणं, कार्यालयातल्या खिडक्या. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्वो ओबर्गनं १९६० साली परक्या संस्कृतीत बसणाऱ्या या धक्क्याचं वर्णन केलं. आधी भारावलेपण, मग चीड आणि तुलना, मग हळूहळू सावरणं, शेवटी रुळणं. सगळ्यांच्या वाट्याला हे याच क्रमानं येईल असं नाही, पण चीड येणं हे तुमच्या अपयशाचं लक्षण नाही, एवढं यातून घ्या.

त्या दिवसांत मी दोन गोष्टी करते. आपल्याच गावाहून आलेल्यांच्या घोळक्यात बसून या शहराला नावं ठेवायचं टाळते, कारण तिथे बरं वाटतं आणि बाहेर पडताना मन आणखी कडू झालेलं असतं. त्याच माणसांकडे इतर दिवशी मात्र जरूर जाते. दुसरं म्हणजे वहीतलं पहिलं पान उघडते आणि ज्या खोडीचं कारण सापडलं ती पुन्हा वाचते. धक्का हळूहळू नाही ओसरला, झोप-भूक बिघडली, तर डॉक्टरांकडे जायला संकोच करू नका.

बारा महिने

शहर एका ऋतूत पूर्ण दिसत नाही. सण, परीक्षा, उन्हाळ्याची सुट्टी, पहिला पाऊस किंवा पहिलं बर्फ, निवडणूक, खेळाचा मोठा सामना या प्रत्येक वेळी रस्ते, आवाज आणि माणसांचा सूर बदलतो. तारखा वहीत नोंदवा. कुठल्या दिवशी दुकानं अचानक बंद होती, कुठल्या आठवड्यात बस मिळेना, कधी सगळे शहर सोडून गेले.

सहाव्या महिन्यात आणि बाराव्या महिन्यात पुन्हा न बघता नकाशा काढा आणि तिन्ही शेजारी ठेवा. वर्ष संपताना माझ्या वहीत तिसऱ्या रकान्याच्या बऱ्याच ओळी कोऱ्या होत्या. एका चौकातल्या बंद घड्याळाची वेळ कुणी बदलत का नाही, आमच्या गल्लीतले दिवे शेजारच्या गल्लीपेक्षा अर्धा तास उशिरा का लागतात, असले प्रश्न. ती पानं दुमडून ठेवली आहेत. घड्याळाबद्दल परवा बसथांब्यावरच्या एका आजोबांना विचारलं. म्हणाले, ‘बसा, ती मोठी गोष्ट आहे,’ आणि तेवढ्यात त्यांची बस आली. उद्या सकाळी मी दहा मिनिटं आधी जाणार आहे.